गाडी मध्येच बंद पडते? प्लगला हात लावण्याआधी टाकीचं टोपण उघडा

मी रोज कोल्हापूरहून कळ्याच्या बाजूला शाळेवर जातो, गगनबावडा रस्त्याने. गाडी १९९६ ची, शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये तिला एक विचित्र खोड लागली. सोमवारी सकाळी फुलेवाडीत टाकी फुल्ल करून निघायचं आणि बालिंग्याचा पूल यायच्या आत गाडी दोन-तीन गचके खाऊन बंद पडायची. दहा मिनिटं पावसात उभं राहिलं की पहिल्या नाहीतर दुसऱ्या किकला चालू. बुधवार-गुरुवारी तीच गाडी शाळेच्या फाटकापर्यंत एकदाही थांबायची नाही.

दोन महिन्यांत मी प्लग बदलला, प्लगला वीज पुरवणारी कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा खोलून घेतला. शेवटी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी विचारलं, "सर, सोमवारचीच का बंद पडती?" सोमवारी पेट्रोल भरतो, एवढंच मी म्हटलं. त्यांनी किल्ली मागून घेतली, टोपण उघडलं आणि त्याच्या आतल्या रबरावरून नखाने एक पातळ पापुद्रा सोलून माझ्या हातावर ठेवला. दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा होता तो. टाकीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून जूनमध्ये मीच कापून बसवला होता. पेट्रोलने मऊ होऊन तो रबराला असा चिकटला होता की वरून दिसतही नव्हता. मिस्त्री म्हणाले, "पाणी अडवलासा, तसं वारं बी अडवलासा."

जुनी गाडी नव्याने हातात आलेल्या बऱ्याच जणांना हाच त्रास होतो आणि तेही माझ्यासारखेच चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात. म्हणून जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

१. आधी बिघाड कसा होतो ते समजून घ्या

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. कार्बोरेटरवाल्या मोटरसायकलला बहुधा पेट्रोल ओढणारा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. जेवढं पेट्रोल खाली गेलं तेवढी हवा वरून टाकीत यायला हवी. त्यासाठी टोपणात सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल उतरेल तशी टाकीत पोकळी होते आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरच्या वर जेमतेम एक फूट असतं, त्यामुळे त्याचा जोर फार नसतो. आतला दाब दोन-तीन टक्क्यांनी उतरला तरी धार आटते.

सोमवारचं कोडं इथे सुटतं. टाकी फुल्ल असताना वर हवेला जागा अर्धा लिटरसुद्धा नसते. त्यातून थोडं पेट्रोल गेलं तरी दाब झपकन पडतो. टाकी अर्धी असली तर वर चार-पाच लिटर हवा असते, ती बराच वेळ निभावून नेते. म्हणून पेट्रोल संपत आल्यावर नव्हे, भरल्यावर गाडी बंद पडत असेल तर पहिला संशय टोपणावर घ्या.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. गाडी थांबली की कुठल्यातरी फटीतून हळूहळू हवा आत शिरते आणि पाच-दहा मिनिटांत पेट्रोल पुन्हा उतरतं. म्हणजे गाडी नुसतं थांबल्यानेच चालू होते. पण त्या दहा मिनिटांत आपण काहीतरी केलेलं असतं. कोणी प्लग पुसतो, कोणी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवतो, कोणी गाडी आडवी करून हलवतो. गाडी चालू झाली की तोच उपाय लागू पडला असं वाटतं. माझी कॉइल अशीच बदलली गेली. जुनी कॉइल चांगली होती, आजही ती माझ्या कपाटात आहे.

२. काय काय जवळ हवं

- १० नंबरचा पाना, पक्कड, छोटा स्क्रू ड्रायव्हर
- दोन फूट पारदर्शक पेट्रोल पाइप
- एक लिटरची पारदर्शक बाटली (फक्त चाचणीपुरती, तिच्यात पेट्रोल साठवू नका)
- सायकलचा पंप
- जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार
- साबणाचं पाणी, सुती फडकं, स्टीलचं ताट
- टोपणाच्या रबरी वायसरचा नवा जोड

टोपण बदलायची वेळ आली तर आरसीची (गाडीच्या नोंदणीपत्राची) प्रत, गाडीचं साल आणि जुनं टोपण घेऊनच दुकानात जा. हे का, ते पुढे येतं.

काम अंगणात करा, इंजिन गार झाल्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. आमच्याकडच्या जुन्या घरांत सोप्यातच गाडी लावतात आणि मागच्या खोलीत समई नाहीतर गॅस चालू असतो. अशा ठिकाणी टाकी उघडू नका. तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढण्याची सवय असेल तर तीही सोडा.

३. रस्त्याकडेची चाचणी

गाडी बंद पडली की लगेच कडेला घ्या. लगेच म्हणजे लगेच. पाच मिनिटं गेली तर पुरावा गेला.

किक मारू नका. कार्बोरेटरच्या बुडाला एक छोटा निचऱ्याचा स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली फडकं धरून तो थोडा सैल करा. पेट्रोल आधी थोडं येऊन थांबलं किंवा आलंच नाही, तर वरून पुरवठा तुटलाय. भरपूर धार चालू राहिली, तर दोष पेट्रोलचा नाही. मग प्लग आणि कॉइलकडे जा, हा लेख तुमच्या कामाचा नाही.

पुरवठा तुटलेला दिसला तर स्क्रू तसाच सैल ठेवून टोपण उघडा. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. टोपण उचलताना खाली ओढल्यासारखं जड लागलं का? आणि फुस्स आवाज झाला का? टोपण उघडताक्षणी खालच्या स्क्रूतून धार सुरू झाली तर आणखी काही शोधायला नको. स्क्रू घट्ट करा, टोपण बसवा आणि निघा. पुढच्या तीन-चार किलोमीटरला पुन्हा बंद पडली तर शंकेला जागाच राहिली नाही.

फुस्स आवाज दोन प्रकारचा असतो, यात गल्लत करू नका. हवा आत ओढली गेली तर पोकळी होती. उन्हात उभ्या गाडीचं टोपण उघडल्यावर वाफ बाहेर येते आणि नाकाला पेट्रोलचा भपकारा लागतो, तो वेगळा प्रकार. ओळखायचं असेल तर टोपणाच्या कडेला दोरा धरा. आत ओढला गेला की बाहेर फेकला गेला, ते दिसतं.

एक सल्ला सगळेच देतात, "टोपण सैल ठेवून चालवून बघ." तो देऊ नका आणि घेऊ नका. फुल्ल टाकीचं सैल टोपण खड्ड्यात उडालं तर पेट्रोल थेट मांडीवर आणि तिथून गरम इंजिनावर येतं.

४. बाटलीची चाचणी

घरी आल्यावर पक्की खात्री याने होते. कॉक बंद करा, कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक काढा, त्याला पारदर्शक पाइप जोडून बाटलीत सोडा. टाकी निदान पाऊण भरलेली हवी, टोपण नेहमीसारखं बंद हवं. कॉक उघडा आणि घड्याळ बघत बसा.

निरोगी गाडीत धार एकसारखी राहते. भोक बुजलेलं असेल तर आधी जोरात येते, मग बारीक होते, मग थेंब थेंब. त्या क्षणी टोपण उघडा. माझ्या गाडीत धार इतक्या झटक्याने परत आली की पाइप बाटलीबाहेर उडाला, म्हणून पाइप एका हाताने धरूनच ठेवा.

टोपण उघडूनही धार बारीकच राहिली तर टोपण निर्दोष आहे. मग कॉकच्या वरची जाळी गंजाने भरली आहे का, मध्ये घातलेला फिल्टर काळवंडला आहे का, पाइप कुठे मुडपला आहे का, ते बघा. जुन्या टाक्यांत टोपणाचा दोष आणि यातला एखादा दोष एकत्रही असतात. आधी टोपण दुरुस्त करून चाचणी पुन्हा घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला.

बाटलीतलं पेट्रोल ओतून देऊ नका, दोन मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर किंवा लालसर गाळ दिसला तर सहावा मुद्दा आधी वाचा. स्वच्छ असेल तर टाकीत परत घाला.

५. टोपण खोलून साफ करणे

सर्वात आधी बाहेरून बघा. टाकीवर रेक्झिनचं कव्हर चढवलेलं आहे का? त्याची झडप टोपणावर घट्ट बसत असेल तर वरचं भोक तिथेच दाबलं जातं. वेगळं काही करायला नको, झडप कापून टाका.

टोपण उलटं करा. खालच्या पत्र्याला बहुधा दोन किंवा तीन स्क्रू असतात. ते सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि काम ताटात करा, कारण आत स्प्रिंग असते आणि बऱ्याच टोपणांत ज्वारीच्या दाण्याएवढी एक स्टीलची गोळीही असते. गाडी आडवी झाली तर पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून ती गोळी भोकावर येऊन बसते. धूळ आणि ओल जमून ती जागच्या जागी अडकली की भोक कायमचं बंद.

स्क्रूऐवजी रिबिट असतील तर ते फोडू नका. टोपण वाटीभर पेट्रोलमध्ये तासभर बुडवून ठेवा, बोटांनी हलवा आणि पंक्चरवाल्याकडे नेऊन आतल्या बाजूने हवा मारून घ्या. हवा बेताने मारायला सांगा.

खोलता आलं तर प्रत्येक भाग पुसा, तांब्याची तार भोकातून हलक्या हाताने फिरवा, गोळी सुटी खळखळते का बघा. टोपणातून हवा सरळ वर जात नाही, दोन-तीन वळणं घेत जाते, त्यामुळे एकच भोक मोकळं करून थांबू नका. सगळं जोडल्यावर टोपणाच्या वरच्या भागाला, किल्लीच्या भोकाभोवती, साबणाचं पाणी लावा आणि आतल्या भोकाला पाइप टेकवून सायकलच्या पंपाने हलकी हवा मारा. वर बुडबुडे आले की रस्ता मोकळा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, भोक मोठं करणं. ड्रिल मारलं की गाडी पळते खरी, पण पहिल्याच वळवात पाणी टाकीत आणि चढाला पेट्रोल बाहेर. कारखान्याने भोक जेवढं ठेवलं आहे तेवढंच पुरेसं आहे. दुसरी, कुलूप अडकतं म्हणून किल्लीच्या भोकात ग्रीस भरणं. हवेचा रस्ता तिथूनच जातो आणि ग्रीसमध्ये धूळ बसून त्याचा लगदा होतो. कुलपाला पेन्सिलच्या शिशाची पूड घाला, ते छान फिरतं.

टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांनी हे काम वर्षातून एकदा तरी करावं. लिटरला २० मिली ऑइल मिसळलेलं पेट्रोल टोपणाच्या आत चिकट थर धरतं आणि त्यावर धूळ बसते. शिवाय टाकी सीटखाली असते. तिथे फडकी आणि रेनकोट कोंबून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. त्यातलं काही टोपणावर दाबून बसत नाही ना, ते बघा.

६. पाणी अडवायचं कसं

गगनबावड्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला टाकीत पाणी जाण्याची भीती का वाटते हे मला सांगावं लागणार नाही. ती भीती खरी आहे. पण पाणी अडवायचं काम भोक बुजवून होत नाही, ते रबरी वायसरचं काम आहे. वायसर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर परत फुगायला हवा. कडक झाला असेल, कडेला बारीक भेगा असतील किंवा टाकीच्या तोंडाचा वण त्यावर खोल उमटला असेल, तर बदला. फार महाग वस्तू नाही.

फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. जुन्या गाड्यांचं रबर त्या मिश्रणासाठी बनवलेलं नाही. ते फुगतं किंवा कडक होतं. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी त्यात विरून जातं आणि कळतही नाही, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाला बसतात. कॉक तळालाच असतो, त्यामुळे ते आधी कार्बोरेटरमध्ये उतरतं. इथेनॉल आपल्याच जिल्ह्याच्या उसातून निघतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या गाडीवाल्याने वायसर आणि पाइपांकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं.

ज्या गाड्यांचं टोपण टाकीच्या पृष्ठाशी सपाट बसतं, त्यांच्यात टोपणाभोवतीच्या खोबणीत पाणी साचतं. त्याला जायला खोबणीत एक भोक आणि टाकीखालून एक बारीक पाइप असतो. तो चिखलाने बुजला की पाणी टोपणाभोवती तळं करून बसतं आणि वायसरमधून आत झिरपतं. कपभर पाणी ओतून बघा, खाली गळायला हवं. टाकी काढून परत बसवताना हाच पाइप चेपतो. मिस्त्रींनी टाकी काढली असेल आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर तिथे आधी हात घाला.

गाडी पावसात उभी राहणार असेल तर पूर्ण गाडीवर कव्हर टाका किंवा टोपणावर वरून प्लास्टिक ठेवा, आणि चालू करण्याआधी ते काढा. टोपणाच्या आत काहीही घालू नका. पिशवी नाही, ट्यूबचा तुकडा नाही, कापूस तर नाहीच.

७. उलटा त्रास: उन्हात पेट्रोल बाहेर येणं

एप्रिल-मेमध्ये हेच भोक दुसऱ्या बाजूने त्रास देतं. १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळजवळ २०० मिली वाढतं. सकाळी गळ्यापर्यंत भरलेली गाडी दुपारी साइड स्टँडवर उन्हात उभी राहिली की ते वाढलेलं पेट्रोल टोपणातून बाहेर येतं, रंग उडतो आणि आगीचा धोका वेगळाच. टोपण बदलून हे जात नाही. टाकीच्या तोंडापासून दोन बोटं जागा सोडा आणि गाडी मधल्या स्टँडवर लावा. तरीही ओल दिसली तर मग वायसर बघा.

८. नवं टोपण घेताना

बाजारात सारखी दिसणारी टोपणं बरीच मिळतात. काहींत भोक असतं, काहींत नसतं, आणि दुकानदाराला ते ठाऊक असेलच असं नाही. जुनं टोपण शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा: तोंडाचा व्यास, पकडीची लांबी, वायसरची जाडी. मग काउंटरवरच पाइप लावून फुंकून बघा. नवं, कोरडं टोपण असल्यामुळे तोंडाने फुंकायला हरकत नाही.

टोपण बऱ्याचदा इग्निशनच्या कुलपासोबत पूर्ण सेटमध्ये विकतात. तेवढा खर्च नको असेल तर सुटं टोपण वेगळ्या किल्लीचं मिळतं. मी तेच घेतलं आहे, दोन किल्ल्या सांभाळतो.

९. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत कोल्हापुरात किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलं. पाणी टोपणाच्या वर गेलं की तेच हवेचं भोक पाण्याला आत यायचा रस्ता होतं. अशी गाडी वरून कितीही कोरडी दिसली तरी किक मारू नका. आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मगच स्वच्छतेला हात लावा. आरसी, पॉलिसी, लायसन्स यांच्या प्रती जवळ ठेवा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर पुराचं नुकसान त्यात मिळत नाही.

त्यानंतर टाकी पूर्ण रिकामी करा, कॉक काढून जाळी धुवा, कार्बोरेटर उघडा आणि टोपण पाचव्या मुद्द्याप्रमाणे साफ करा. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो. तो टोपणाच्या वळणांत वाळून सिमेंटसारखा बसतो आणि महिनाभराने त्रास देतो. इंजिन ऑइलही बदलायला लागेल, पण ते काम मिस्त्रींवर सोडा.

१०. जुन्या चारचाकीबद्दल थोडं

कारमध्ये पेट्रोल पंपाने ओढलं जातं, त्यामुळे बिघाड उशिरा कळतो. लांबच्या पल्ल्यावर, पेठनाक्याच्या पुढे वगैरे, गाडी ओढायची थांबते. पंपाचा जोर जास्त असल्याने पोकळीही मोठी होते. टाकीचा पत्रा आत ओढला गेलेला मी पाहिला आहे. बहुतेक कारच्या टोपणात नुसतं भोक नसतं, दोन बाजूंच्या झडपा असतात आणि वाफ पाइपाने ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाते. म्हणून तिथे तार घालायला जाऊ नका. झडप अडकली असेल तर त्याच मॉडेलचं टोपण आणा.

पंपावर पेट्रोल भरताना नोझल पुन्हा पुन्हा आपोआप बंद होत असेल तर टाकीतून वर येणारा हवेचा पाइप बहुधा तुंबला आहे. आणि नोझल एकदा नीट थांबल्यावर "अजून पन्नासचं बसवा" म्हणू नका. जादाचं पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो निकामी करतं. हाच डबा १ एप्रिल २०१७ नंतरच्या, म्हणजे बीएस-४ या प्रदूषण निकषाच्या, दुचाकींनाही असतो. तशी गाडी असेल तर टाकी काढल्यावर त्याचा पाइप परत जोडला गेला आहे ना, एवढं बघून घ्या.

माझ्या गाडीचं टोपण आता मी वर्षातून दोनदा खोलतो, मे अखेरीस पाऊस यायच्या आधी आणि दसऱ्याला गाडी धुतो तेव्हा. पंधरा मिनिटं लागतात. सोमवारी अजूनही फुलेवाडीतच टाकी भरतो, फक्त दोन बोटं जागा सोडून.